ताटाच्या डाव्या बाजूचे कागदी लिंबू

आपल्याकडे जेवणाचे पान वाढण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी मीठ, त्याच्या शेजारी लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर व लोणचे असे पदार्थ पानाच्या डाव्या बाजूला क्रमाने वाढले जातात. भाजी, उसळ, आमटी यांची जागा उजवीकडे आणि भात-पोळीची मध्यभागी. या मांडणीत लिंबू शिजवलेल्या पदार्थात मिसळून येत नाही. ते फोडीच्या रूपाने वेगळे येते आणि जेवणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने, ऐन घास घेण्याच्या वेळी पिळावयाचे असते. रुचीसाठी रूढ झालेल्या या रीतीला आज आहारशास्त्राचा आधार लाभला आहे. लिंबाचे गुण लिंबात असतात हे खरे, परंतु ते आपल्या पदरात किती पडतात, हे लिंबू केव्हा आणि कसे वापरले यावर ठरते.

या लहानशा फळाकडे गंभीरपणे पाहावे असे कारणही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळून आला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, पण लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. आपल्या भाकरीत, डाळीत आणि पालेभाजीत लोह असते. मात्र त्यातील फारच थोडा अंश शरीरात शोषला जातो. हे शोषण वाढविण्याचे जे सोपे व परिचित उपाय आहेत, त्यांत लिंबाचा वाटा आहे. तो किती आहे आणि कोठे संपतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कूळ आणि सुगंध

कागदासारख्या पातळ सालीमुळे या लिंबाला 'कागदी' हे नाव मिळाले. त्याचे शास्त्रीय नाव 'सिट्रस ऑरँटिफोलिया' असे आहे. इंग्रजीत त्याला 'लाइम' म्हणतात. युरोपात अधिक वापरले जाणारे, जाड सालीचे, टोकाशी निमुळते व पिवळेधमक फळ म्हणजे 'लेमन'. ते निराळे. मराठीत दोहोंनाही लिंबू म्हणण्याचा प्रघात असल्याने परदेशी पुस्तकांतील माहिती वाचताना पुष्कळदा घोटाळा होतो. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार असल्याने तो येथेच ध्यानात ठेवलेला बरा.

संत्री, मोसंबी, पपनस, लिंबू या सर्व फळांच्या पूर्वजांची भूमी म्हणजे हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा प्रदेश, अर्थात आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनचा युनान प्रांत, असा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून निघाला आहे. कागदी लिंबू हे मूळचे स्वतंत्र फळ नसून तो एक संकर आहे, हेही अशाच संशोधनातून सिद्ध झाले आहे. त्याचे एक जनक आग्नेय आशियातील 'मायक्रँथा' नावाचे रानटी फळ आणि दुसरे आपले महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे फळ आहे, ते हेच महाळुंग होय. अरब व्यापाऱ्यांनी लिंबू पश्चिमेकडे नेले आणि पुढे स्पॅनिश दर्यावर्दींबरोबर ते वेस्ट इंडीज बेटांत व मेक्सिकोत जाऊन रुजले. तेथे 'मेक्सिकन लाइम' म्हणून ओळखले जाणारे फळ आणि आपले कागदी लिंबू एकच आहे.

लिंबाचा सुगंध रसात नसतो, सालीत असतो. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तैलग्रंथी होत. नखाने साल किंचित खरवडताच त्या फुटतात व त्यांतील तेल हवेत उडते. या तेलाचा मोठा भाग 'लिमोनीन' या द्रव्याचा असतो. लिंबाच्या पानातही अशा ग्रंथी असल्याने पान चुरगळले की तोच वास दरवळतो. सालीचे तेल काढून ते साबण, सुगंधी द्रव्ये व पेये यांत वापरले जाते. घरगुती स्वयंपाकात हा सुगंध हवा असल्यास हिरवी साल वरच्यावर किसून घ्यावी. आतील पांढरा भाग कडू असल्याने तो किसात येऊ देऊ नये.

रसाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. कागदी लिंबाच्या रसात ते सुमारे सहा टक्के असते. याशिवाय १०० ग्रॅम रसात साधारणतः ३० ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. हे दोन घटक वेगवेगळे आहेत, त्यांची कामे वेगवेगळी आहेत आणि आंबटपणावरून जीवनसत्त्वाची परीक्षा करता येत नाही. ही साधी गोष्ट समजण्यास जगाला पावणेदोनशे वर्षे लागली. तो इतिहास उद्बोधक आहे.

आरमाराला मिळालेला धडा

क जीवनसत्त्वाच्या अभावी स्कर्व्ही हा रोग होतो. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येऊ लागते, दात हलतात, भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडतात आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. महिनोन्‌महिने ताज्या अन्नावाचून समुद्रावर राहणाऱ्या खलाशांचा तो काळच होता. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या 'सॅलिसबरी' या जहाजावरील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी १२ रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. एका जोडीला शिरका, एकीला सौम्य केलेले गंधकाम्ल, एकीला समुद्राचे पाणी, असे ते उपचार होते. एका जोडीला रोज दोन संत्री व एक लेमन देण्यात आले. फळे सहा दिवसांतच संपली. तरीही तेवढ्या अवधीत त्या दोघांपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला. शिरका आणि गंधकाम्लही आंबटच होते, पण त्यांनी तसा गुण दिला नाही.

असे असूनही लिंड यांनी १७५३ च्या आपल्या ग्रंथात जहाजावर रस टिकविण्यासाठी जी कृती सुचविली, ती होती रस तापवून आटविण्याची. उष्णतेने त्यातील गुणकारी अंश नष्ट होतो, हे त्या काळी ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. पुढे १७९५ मध्ये ब्रिटिश आरमाराने लेमनचा रस खलाशांच्या नित्याच्या शिध्यात समाविष्ट केला आणि स्कर्व्हीचे प्रमाण झपाट्याने घटले.

यानंतरचा भाग आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १८६० नंतरच्या दशकात भूमध्यसागरी प्रदेशातील लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधील 'लाइम' म्हणजे कागदी लिंबाचा रस पुरविण्यात येऊ लागला. तो अधिक आंबट होता म्हणून अधिक गुणकारी समजला गेला. प्रत्यक्षात तो दीर्घकाळ साठविलेला, हवा लागलेला आणि तांब्याच्या भांड्यांचा व नळ्यांचा स्पर्श झालेला असे. कॅप्टन जॉर्ज नेअर्स यांच्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत (१८७५-७६) लिंबाचा रस बरोबर असतानाही स्कर्व्हीची साथ उद्भवली. त्यामुळे या रोगाचा फळांशी खरोखरच काही संबंध आहे काय, अशी शंका अनेक जाणत्यांनाही येऊ लागली. अखेर १९१८ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवून दिले की, ताज्या लाइमच्या रसाची स्कर्व्हीप्रतिबंधक शक्ती लेमनच्या रसाच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि साठविलेल्या रसात तर ती जवळजवळ उरतच नाही. हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये वेगळे केलेले द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व, हे १९३२ च्या सुमारास स्पष्ट झाले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

उष्णता, हवा, दीर्घ साठवण आणि तांबे हे क जीवनसत्त्वाचे चार शत्रू होत, हा या इतिहासाचा इत्यर्थ. ऐन जेवताना पिळलेल्या फोडीला या चौघांपैकी एकाचीही बाधा होत नाही.

लोहाचा सोबती

आता रक्तक्षयाच्या प्रश्नाकडे वळू. धान्ये, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्याच्या दाण्यात 'फायटेट' नावाचे द्रव्य असते. ते लोहाला बांधून ठेवते. चहातील टॅनिनही तेच करते. क जीवनसत्त्व याच्या उलट काम करते. ते लोहाला विरघळण्यास सुलभ अशा रूपात आणते आणि आतड्यात शोषले जाईपर्यंत त्या रूपात टिकविते. यासाठी एक अट मात्र आहे. लोह आणि जीवनसत्त्व एकाच वेळी पोटात असले पाहिजेत. सकाळी घेतलेले लिंबूपाणी रात्रीच्या भाकरीतील लोहाला मदत करू शकत नाही.

केवळ जीवनसत्त्वच नव्हे, तर लिंबातील सायट्रिक आम्लही या कामी उपयोगी पडते. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी भारतीय वंशाच्या स्त्रियांवर केलेला एक अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भाताबरोबर एक ग्रॅम सायट्रिक आम्ल दिले असता लोहाचे शोषण वाढल्याचे आढळले. एका मध्यम रसदार लिंबातून १५ ते २० मिलिलिटर रस निघतो, म्हणजे त्यात जवळपास तेवढेच आम्ल असते. याच अभ्यासात टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांसारख्या भाज्यांतील लोहाचे शोषण पालकापेक्षा चांगले दिसून आले. लोह किती आहे एवढेच पाहून भागत नाही, ते कोणाच्या संगतीत पोटात जाते हेही पाहावे लागते.

मेक्सिकोच्या ग्रामीण भागातील दोन अभ्यासही येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तेथील लिंबू आपलेच आहे आणि तेथील मका व घेवड्याचे जेवण आपल्या भाकरी-उसळीशी मिळतेजुळते आहे. लोहाची उणीव असलेल्या स्त्रियांना तेथे दिवसातून दोन वेळा जेवणाबरोबर लिंबाचे सरबत देण्यात आले. प्रत्येक वेळच्या सरबतात २५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जेवणातील लोहाचे शोषण ६.६ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांपर्यंत वाढले. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आठ महिने असे सरबत घेऊनही स्त्रियांच्या शरीरातील लोहाची स्थिती लक्षणीय सुधारली नाही.

या दोन अभ्यासांचा एकत्रित अर्थ शांतपणे समजून घेतला पाहिजे. लिंबू लोहाला वाट मोकळी करून देते, लोह निर्माण करीत नाही. एकदा शरीरातील साठा रिता झाला की केवळ सरबताने तो भरून निघेल अशी अपेक्षा करणे योग्य नाही. रक्तक्षय झालेल्या व्यक्तीने तपासणी करून घेऊन वैद्यकीय सल्ल्याने लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' या कार्यक्रमाखाली गरोदर स्त्रिया, स्तनदा माता, किशोरवयीन मुले-मुली व बालके यांच्यासाठी ही औषधे आरोग्य यंत्रणेमार्फत विनामूल्य देण्यात येतात. ही गोळी चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास लिंबाचा खरा उपयोग होतो.

प्रमाणाचीही कल्पना असावी. एका लिंबाच्या रसातून पाच ते दहा मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते, तर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी ८० व स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅमची दैनिक मात्रा सुचविली आहे. आवळा आणि पेरू या बाबतीत लिंबाच्या कितीतरी पुढे आहेत. म्हणून लिंबाची फोड एकटी पुरी पडत नाही. पानाच्या डाव्या बाजूला तिच्या शेजारी जी कच्च्या कोबीची वा टोमॅटोची कोशिंबीर आणि ओल्या कोथिंबिरीची चटणी असते, त्यांतही क जीवनसत्त्व असते. ही सारी मंडळी न शिजविता ताटात येतात आणि उजव्या बाजूच्या उसळी-पालेभाजीतील लोहाला मदत करतात. डावीकडील पदार्थ केवळ तोंडीलावणी समजून वगळण्याची जी सवय धावपळीच्या जीवनात वाढत आहे, तिच्यामुळे आपण काय गमावतो, हे यावरून लक्षात यावे.

स्वयंपाकघरात घ्यावयाची काळजी

वरील माहिती व्यवहारात आणणे मुळीच अवघड नाही. पोहे, उपमा, वरण, मटकीची उसळ किंवा मेथी-चवळीची भाजी यांत लिंबू पिळावयाचे झाल्यास भांडे विस्तवावरून उतरविल्यावर, आणि शक्य तर ताटात वाढल्यानंतर पिळावे. उकळत्या पदार्थात टाकलेल्या लिंबाचा आंबटपणा राहतो, पण जीवनसत्त्वाचा बराचसा भाग जातो. पोह्यांवर लिंबू पिळून त्यापाठोपाठ लगेच चहा घेतला, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. जेवण वा न्याहारी आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवणे हितावह होय.

लिंबू आयत्या वेळी चिरावे. सकाळी चिरून उघडी ठेवलेली फोड दुपारपर्यंत नुसती सुकतच नाही, तिचा गुणही कमी होतो. लिंबाचा रस किंवा सरबत तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. तेथे जीवनसत्त्वाचा नाश तर होतोच, शिवाय आम्लाने धातूचा अंश पेयात उतरून ते कळकते. काचेचे, चिनी मातीचे वा स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरावे. हाच गुणधर्म दुसरीकडे उपयोगी पडतो. पिळून उरलेली साल मिठाबरोबर चोळली असता देवाची तांब्या-पितळेची उपकरणी लख्ख होतात, ती या आम्लामुळेच.

बाजारात पांढऱ्या खड्यांच्या स्वरूपात मिळणारे सायट्रिक ॲसिड, ज्याला अनेक घरांत 'लिंबूफूल' म्हणतात, ते लिंबाचे फूलही नव्हे आणि बहुधा लिंबाचा अर्कही नव्हे. १७८४ मध्ये स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी ते प्रथम लेमनच्या रसातून स्फटिकरूपात मिळविले हे खरे, परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीपासून ते विशिष्ट बुरशीच्या साहाय्याने साखर वा मळी आंबवून कारखान्यात तयार होऊ लागले. त्यात आंबटपणा आहे, क जीवनसत्त्व मुळीच नाही. तयार सरबताच्या पुड्या विकत घेताना हे ध्यानात असावे.

लिंबे स्वस्त असतात तेव्हा रस काढून तो बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवता येतो. ज्यांच्याकडे शीतकपाट आहे त्यांनी ताजी लिंबे बंद पिशवीत घालून त्यात ठेवल्यास ती काही आठवडे टिकतात. लोणच्यात लिंबाची चव आणि सुगंध वर्षभर टिकतो. मात्र मुरण्याच्या काळात जीवनसत्त्व घटत जाते आणि मिठाचे प्रमाणही भरपूर असते. म्हणून लोणचे रुचीसाठी खावे, फोडीचा पर्याय म्हणून नव्हे.

अन्य उपयोग

मिठाचा वापर कमी करू इच्छिणाऱ्यांना लिंबू चांगले साहाय्य करते. आंबटपणामुळे अळणी पदार्थही रुचकर लागतो. उच्च रक्तदाब असणाऱ्यांच्या आहारात ही गोष्ट मोलाची ठरते. मूत्रमार्गात कॅल्शियमचे खडे वारंवार होणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर भरपूर पाण्याबरोबर लिंबाचा रस घेण्यास सांगतात, कारण सायट्रेटमुळे खडे बनण्यास अडथळा होतो. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशात १९९० च्या दशकात पटकीच्या साथींच्या वेळी झालेल्या अभ्यासांत, जेवणातील कालवणात लिंबाचा रस घालणाऱ्या कुटुंबांना या रोगापासून काही प्रमाणात संरक्षण मिळाल्याचे दिसले. पटकीचे जंतू आम्लात तग धरू शकत नाहीत, हे त्याचे कारण. अर्थात यावरून पाणी उकळण्याची व शुद्ध करण्याची आवश्यकता तिळमात्र कमी होत नाही.

उन्हाळ्यात घामावाटे पाणी व मीठ गेल्यावर साखर-मीठ घातलेले लिंबूसरबत उत्तम तरतरी आणते. परंतु हगवण लागलेल्या बालकाला आरोग्य केंद्रात मिळणारी क्षारसंजीवनीच दिली पाहिजे. तिच्यात साखर व क्षार यांचे प्रमाण मोजून ठरविलेले असते. अंदाजाने केलेले सरबत तिची जागा घेऊ शकत नाही.

गैरसमज आणि मर्यादा

लिंबाची कीर्ती मोठी असल्याने त्याच्या नावावर नाना प्रकारचे दावे खपविले जातात. सकाळी अनशापोटी कोमट लिंबूपाणी घेतल्याने चरबी वितळते, याला शास्त्रीय आधार नाही. साखर न घालता घेतलेले हे पेय गोड चहाऐवजी पोटात गेल्यास तेवढी साखर वाचते, एवढाच त्याचा लाभ. लिंबाने कर्करोग बरा होतो असे सांगणारे संदेश मोबाइलवरून फिरत असतात. त्यांवर विसंबून उपचारास विलंब लावणे जिवावर बेतू शकते.

लिंबाचा रस तीव्र आम्ल असल्याने तो वारंवार चोखल्यास दातांवरील कवच झिजते. सरबत घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, आणि लगेच दात घासू नयेत. आम्लपित्ताचा किंवा जठरव्रणाचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या प्रकृतीस मानवेल तेवढेच लिंबू घ्यावे. सौंदर्यप्रसाधन म्हणून लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाणे तर विशेष अपायकारक आहे. सालीच्या तेलातील काही द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडला की त्वचा भाजल्यासारखी होऊन फोड येतात व काळे डाग अनेक दिवस राहतात. लिंबाची जागा ताटात आहे, चेहऱ्यावर नाही.

बागेपासून ताटापर्यंत

लिंबू नित्य ताटात यावयाचे तर ते परवडलेही पाहिजे. या बाबतीत ग्राहक आणि बागायतदार या दोघांच्याही वाट्याला विचित्र अनुभव येतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये अनेक शहरांत एका लिंबाला दहा रुपये व त्याहूनही अधिक मोजावे लागले. उलट, आवक वाढते तेव्हा तोडणीचा खर्चही निघत नाही. याचे मूळ झाडाच्या स्वभावात आहे.

कागदी लिंबाला वर्षभर थोडीफार फुले येत असली तरी त्याचे मुख्य बहर तीन. जानेवारी-फेब्रुवारीतील आंबिया, जून-जुलैतील मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त. फूल लागल्यापासून फळ तयार होण्यास साधारणतः पाच-सहा महिने लागतात. आंबिया बहराची फळे सर्वांत जास्त, पण ती पावसाळ्यात येतात, जेव्हा मागणी मंदावलेली असते. उन्हाळ्यात विक्रीस येणारी फळे हस्त बहराची. तो बहर धरण्यासाठी झाडाला आधी पाण्याचा ताण बसावा लागतो, आणि नेमका त्याच सुमारास परतीचा पाऊस येतो. म्हणून ज्या ऋतूत लिंबाची गरज सर्वाधिक, त्याच ऋतूत त्याचा तुटवडा. यावर उपाय म्हणून जूनमध्ये जिबरेलिक ॲसिड, सप्टेंबरमध्ये सायकोसेल व ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम नायट्रेट यांच्या फवारण्यांची पद्धत संशोधनातून पुढे आली आहे. त्यांच्या मात्रा कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या शिफारशीनुसारच ठरवाव्यात.

महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुका लिंबासाठी प्रसिद्ध आहे. सोलापूर, पुणे, जळगाव, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतही लिंबाच्या बागा आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'साई सरबती' व 'फुले सरबती' हे वाण दिले, तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'विक्रम' व 'प्रमालिनी' हे वाण पुढे आणले. नागपूर येथे १९८५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था, जिला आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते, या पिकावर अखंड संशोधन करीत आहे. कागदी लिंबाची पाने, फांद्या व फळे यांवर खरबरीत डाग पाडणारा खैऱ्या रोग ही बागायतदाराची मोठी डोकेदुखी होय. रोगट फांद्या छाटून जाळणे आणि बोर्डो मिश्रणासारख्या ताम्रयुक्त औषधाची वेळेवर फवारणी करणे, हे त्यावरील मुख्य उपाय आहेत.

सगळ्यांकडेच बाग असणार नाही. परंतु ज्यांच्या घरामागे मोरीच्या वा न्हाणीच्या पाण्याची सोय आणि भरपूर ऊन आहे, त्यांना एखादे झाड लावता येईल. रोप खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावे, बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. साधारणतः चौथ्या वर्षापासून फळे मिळू लागतात. अंगणवाडी किंवा शाळेच्या परसबागेत असे एक झाड असले, तर मुलांच्या खिचडीवर पिळण्यास लिंबू बाजारातून आणावे लागणार नाही.

शेवटी एका गोष्टीकडे कुटुंबातील सर्वांनीच लक्ष द्यावयास हवे. अनेक घरांत गृहिणी सर्वांना वाढून झाल्यावर, सर्वांच्या शेवटी जेवावयास बसते. तोपर्यंत कोशिंबीर संपलेली असते, लिंबाच्या फोडी पाहुण्यांना आणि पुरुषमंडळींना वाढून झालेल्या असतात, आणि तिच्या ताटात भाकरीबरोबर उरलीसुरली भाजी तेवढी येते. रक्तक्षयाचे प्रमाण मात्र स्त्रियांमध्ये आणि बालकांमध्येच अधिक आहे. लिंबाची फोड ज्या ताटात असणे सर्वांत आवश्यक, त्याच ताटातून ती नाहीशी होते. घरात लिंबू चिरताना पहिली फोड तिच्यासाठी बाजूला ठेवावी, आणि त्याहून चांगले म्हणजे तिनेही सर्वांबरोबरच जेवावयास बसावे. त्यासाठी शासनाच्या योजनेची किंवा जादा खर्चाची वाट पाहावी लागत नाही. आजच्या जेवणापासूनच हा पायंडा पाडता येईल.